पाण्याकडे पाणी जाते काय?

भाऊबीजेला बहिणीकडे जावे, ओवाळून घ्यावे, ताटात टाकायचे ते टाकावे, बासुंदीची दुसरी वाटी नको नको म्हणत संपवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने नाशिकला परतावे, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गेल्या भाऊबीजेला मात्र निरांजन विझायच्या आतच भाच्याने मला एक प्रश्न घातला आणि त्या प्रश्नाने माझे पुढचे सहा महिने खाल्ले. दर आठवड्याला या पानावर मी तुम्हांला झाडाझुडपांच्या आणि दगडधोंड्यांच्या गोष्टी सांगतो, तेव्हा त्या सहा महिन्यांचा हिशेब तुमच्यापुढे ठेवणे प्राप्तच आहे.

माझी थोरली बहीण अक्का हिला सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावी दिली आहे. नाशिककरांना सांगावयास नको, पण इतरांसाठी सांगतो: आमच्या जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे चालता चालता म्हातारा होतो. इगतपुरीस घाटमाथ्यावर तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्याही वर कोसळतो. नाशिक शहरी पोचेतो सातशेच्या आसपास उरतो, आणि सिन्नर-येवल्याच्या पूर्व अंगाला पाचशेच्या घरात येऊन काठी टेकतो. अक्काच्या गावी आभाळाकडे बघून बघून लोकांच्या माना मागे वळल्या आहेत.

भाचा दत्ता याने शेततळे काढायचे ठरवले होते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तळाला आणि बाजूंना प्लॅस्टिकचा जाड कागद. विहिरीला पाणी असेल तोवर ते उपसून तळ्यात भरून ठेवायचे आणि उन्हाळ्यात डाळिंबाला द्यायचे. कर्जाचा अर्ज लिहून तयार होता. वरच्या खर्चासाठी अक्काच्या पाटल्या गहाण पडणार होत्या, आणि अक्का काही बोलत नव्हती. ती बोलत नसली की समजावे, पाणी खोल आहे.

“मामा, तुम्ही एकतीस वर्षं भूगोल शिकवला,” दत्ता म्हणाला, “तुम्हीच सांगा आईला. पैशाकडं पैसा जातो, तसं पाण्याकडं पाणी जातं का नाही? गावात आता शेततळीच शेततळी झाली. एवढं पाणी उघड्यावर पडलं म्हणजे हवा गार होणार, झाडं वाढणार, ढग थांबणार. राजस्थानात पूर्वी मोठाली तळी होती तेव्हा तिथं रान होतं. तळी आटली अन् वाळवंट झालं. मोबाईलवर बघितलंय मी.”

मी मास्तरी आवाज काढून म्हणालो, “अरे, ते उलटं आहे.” आता उलटे म्हणजे नेमके कसे, ते मला धड सांगता येईना. फळ्याशिवाय मास्तर म्हणजे टाळाशिवाय वारकरी. मी घोटाळलो, अक्का गालांत हसली आणि विषय लाडवांवर गेला.

नाशिकला परतलो आणि वाचनालयाच्या पायऱ्या झिजवू लागलो. आमचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. तिथल्या बाकावर बसले की मनुष्याला आपल्या अज्ञानाची घाई वाटत नाही. जे तिथे नव्हते ते मुलाने आपल्या यंत्रावरून छापून आणून दिले.

दत्ताने ऐकले होते ते निम्मे खरे होते. शाळेच्या सहलीबरोबर मी पूर्वी एकदा जयपूरकडून सांभर सरोवर पाहायला गेलो होतो. मुलांना वाटले होते की सरोवर म्हणजे कमळे आणि होड्या. समोर दिसले ते मैलोगणती पांढरे मिठागर आणि डोळ्यांत भरणारी चकाकी. त्या मिठाखाली, चिखलाच्या थरांत, दहा हजार वर्षांची रोजनिशी पडलेली आहे, हे त्या वेळी मला ठाऊक असते तर मुलांना जरा बरे काही सांगता आले असते.

ही रोजनिशी वाचली ती लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेत काम केलेल्या गुरदीप सिंग यांनी. त्यांनी सांभर, डिडवाना, लुणकरणसर आणि पुष्कर या राजस्थानातल्या तळ्यांचा गाळ खालपासून वरपर्यंत तपासला आणि १९७१ व १९७४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाळात त्यांनी शोधले ते परागकण. फुलांतून उडालेली ही धूळ. पण तिचे कवच इतके चिवट, की चिखलात हवेविना दबून राहिले तर हजारो वर्षे कुजत नाही. तेजाबात उकळले तरी विरत नाही. गवताचा कण निराळा, लव्हाळ्याचा निराळा, बाभळीचा निराळा. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजत बसायचे आणि थराथराने ठरवायचे, की या शतकांत काठावर काय उगवत होते. आमच्या घरी तांदूळ निवडण्याचा कंटाळा येतो. या माणसांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

त्या थरांत काय निघाले? अगदी तळाशी कोरडी, वाऱ्याने आणलेली वाळू, म्हणजे त्या वेळीही तिथे वाळवंटच होते. त्यावर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून तळ्याचा गाळ. काठाला पाणकणीस आणि लव्हाळे, भोवताली गवताचे माळ, पुढे पुढे झाडेही वाढलेली. मग हळूहळू पाणी खारे होत गेलेले, आणि शेवटी मीठ. गुरदीप सिंग यांनी यावरून एक मोठा तर्कही मांडला: पाऊसपाणी चांगले होते तेव्हा सिंधू संस्कृतीची नगरे बहरली आणि कोरड पडली तेव्हा ती ओस पडली. गोष्ट सुटसुटीत होती, त्यामुळे ती पुष्कळांना पटली.

पण शास्त्रातल्या सुटसुटीत गोष्टींना एखादा हट्टी वाचक भेटतोच. बिकानेरजवळच्या लुणकरणसरचा गाळ पुन्हा, अधिक बारकाईने तपासला गेला आणि १९९९ साली निकाल आला. हे तळे सुरुवातीला उथळ आणि चंचल होते. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ते एकाएकी भरले, दीडेक हजार वर्षे भरलेले राहिले आणि सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी पार आटले. त्याच सुमारास भोवतालचे वाळूचे डोंगर पुन्हा हलू लागले. हडप्पाची भरभराट त्यानंतर हजारेक वर्षांनी झाली! म्हणजे ती थोर नगरे ओल्या काळात नव्हे, तर या प्रदेशाला कोरड पडल्यानंतर उभी राहिली. माणूस पाणी सरले म्हणजे हात टेकतोच असे नाही; पुष्कळदा तेव्हाच तो कामाला लागतो.

आता दत्ताचा प्रश्न. तळी होती म्हणून पाऊस पडत होता, की पाऊस पडत होता म्हणून तळी होती?

याचे उत्तर तळ्यात नाही, आभाळातही नाही. ते पृथ्वीच्या चालीत आहे. हल्ली पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, आपल्याकडे थंडी असते तेव्हा. परंतु ही वेळ हजारो वर्षांत सरकत जाते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती आपल्या उन्हाळ्यात येत असे. तेव्हा आशियाची भूमी उन्हाळ्यात आतापेक्षा अधिक तापे, समुद्रावरचा ओला वारा अधिक जोराने आत खेचला जाई आणि मोसमी पाऊस राजस्थानच्या आत दूरवर पोचे. खोलगट जागा भरल्या, त्यांची तळी झाली. पुढे पृथ्वीची वेळ सरकली, मोसमी वारा मंदावला आणि तळी खारावली. तेव्हा तळे ही पावसाची आई नव्हे; ती पावसाची लेक आहे.

म्हणून लेकीचा काहीच उपयोग नाही, असे मात्र मी बहिणीच्या घरी जेवून म्हणणार नाही. तळे भरले की काठाची जमीन ओली राहते, गवत धरते. गवताची मुळे वाळूला बांधतात, धूळ कमी उडते. हिरवी जमीन उघड्या वाळूपेक्षा काळसर, त्यामुळे ऊन अधिक शोषते आणि पानांतून पुन्हा वाफ सोडते. वाळवंट उघडे पडले की उन्हाचा पुष्कळसा भाग परत फेकते, वरची हवा खाली दबते आणि पाऊस आणखी रोडावतो, हा विचार चार्नी या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडला. त्याआधी १९६७ मध्ये ब्रायसन यांनी आपल्या थरच्याच वाळवंटाविषयी म्हटले होते की इथल्या हवेतली धूळ पावसाच्या आड येते. गवत राखले तर ती धूळ कमी होईल. म्हणजे पावसाने तळे दिले आणि तळ्याने हिरवळ दिली, तर ती हिरवळ पावसाचा हात थोडा वेळ धरून ठेवते. थोडाच वेळ. मोठा वारा फिरला की तोही सुटतो.

याचा सर्वांत मोठा दाखला आफ्रिकेत आहे. सहाराच्या दक्षिण कडेला चाड नावाचे सरोवर आहे. काही हजार वर्षांपूर्वी, सहारा हिरवा होता त्या काळी, ते आपल्या सबंध महाराष्ट्राहून मोठे होते. आज त्याचा लहानसा तुकडा उरला आहे आणि आटलेल्या तळाची पांढरी धूळ वाऱ्यावर स्वार होऊन अटलांटिकपार दक्षिण अमेरिकेत जाऊन पडते. एवढ्या अफाट पाण्याने तरी स्वतःवर पाऊस पाडून घेतला असेल ना? शास्त्रज्ञांनी गणकयंत्रांवर ही गणिते घातली, आणि उत्तरे एकसारखी येत नाहीत. काहींच्या मते सरोवरे आणि दलदलींनी पावसाला बरीच मदत केली. काहींच्या गणितात तर भलतेच निघाले: उन्हाळ्यात पाणी जमिनीपेक्षा थंड, त्यामुळे सरोवराच्या माथ्यावर हवा वर उठेना आणि ढगच कमी झाले, जो काही लाभ झाला तो एका कडेच्या प्रदेशाला. एकोणिसाव्या शतकात रुदेर नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने ट्युनिशिया-अल्जीरियातल्या खोलगट वाळवंटात कालव्याने समुद्र आणून सोडावा, म्हणजे हवा पालटेल, असा बेत मांडला होता. सुएझ कालव्याचे द लेसेप्स त्याच्या पाठीशी होते. बेत कागदावरच राहिला. ज्यूल व्हर्नला तेवढे त्यावर एक कादंबरीचे कथानक मिळाले.

हे सारे वाचून झाल्यावर मी एक पाठकोरा कागद घेतला आणि दत्ताच्या तळ्याचे गणित मांडले. तीस गुणिले तीस, म्हणजे ९०० चौरस मीटर पाणी उघडे. आमच्याकडच्या उन्हावाऱ्याने बारमाही पाण्यातून वर्षाला सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी उडून जाते. म्हणजे १८०० घनमीटर, अर्थात १८ लाख लिटर. ऐकायला केवढे! पण एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडायचा तर त्यालाच १० लाख लिटर लागतात. म्हणजे दत्ताच्या तळ्यातून वर्षभर उडालेली सगळी वाफ, तिला कुणी हात न लावता, आकाशात दावणीला बांधून ठेवली आणि गावावरच पाडली, तरी एका चौरस किलोमीटरला दोन मिलिमीटरसुद्धा पाऊस व्हायचा नाही. अंगणातला रांगोळीचा ठिपका पुसायला तेवढा पुरेल. शिवाय वाफेला दावण नसते. ती वाऱ्याबरोबर नगरकडे निघून जाते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. पण ती कळण्यासाठी मला आणखी दोन तळी बघावी लागली.

पहिले लोणारचे. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर बहुतेकांनी चित्रात पाहिले आहे: काळ्या पाषाणात उल्केच्या आघाताने पडलेला जवळजवळ वर्तुळाकार खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. २०२० च्या जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा घराघरांत त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि तो मिठात राहणाऱ्या सूक्ष्म जिवांचा रंग असल्याचे सांगितले. मी फेब्रुवारीत गेलो तेव्हा पाणी आपले हिरवट होते आणि वास मात्र रंगापेक्षा अधिक लक्षात राहण्याजोगा. कड्यावरून उतरताना मी झाडे पाहत गेलो. वरच्या उतारावर साग आणि पानझडी रान, खाली झाडांची जात बदलते, पाण्याजवळ बाभळीचे राज्य, आणि शेवटी क्षाराने पोळलेला उघडा काठ. तळे आपल्या भोवती कोणाला बसू द्यायचे हे स्वतः ठरवते. गोडे पाणी एकाला बोलावते, खारे दुसऱ्याला.

लोणारला पाणी येते ते पावसाचे आणि झऱ्यांचे. बाहेर जायला वाट नाही. जाते ते केवळ उडून. त्यामुळे पाऊस कमी झाला की तळे तात्काळ खाली बसते आणि क्षार वाढतात. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी त्याच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दंड काढला. त्यात गेली अकरा हजार वर्षे सापडली. पाणी फार आटले की गाळात एका विशिष्ट क्षाराचे स्फटिक जमतात. ते जिथे दिसले तिथे दुष्काळ. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या वाचनात दोन प्रदीर्घ कोरडे कालखंड निघाले. पहिला सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. तीन वर्षे पाऊस लागला नाही की आपण दुष्काळ म्हणतो. इथे शतकांच्या भाषेत बोलणे चालले आहे.

याला आमची गोदावरीही साक्ष देते. त्र्यंबकला उगम पावणारी ही नदी बंगालच्या उपसागरात जो गाळ नेऊन टाकते त्यात पानांवरच्या मेणाचे अंश असतात. समुद्रतळातून काढलेल्या त्या गाळावरून २०१२ मध्ये असे दिसून आले, की गोदावरीच्या खोऱ्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून कोरड सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, आणि सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपासून त्यांनी कायमचेच ठाण मांडले. म्हणजे आपण ज्याला देशावरचे रान म्हणतो ते कुसळी गवत, त्या बोरी-बाभळी, हा सृष्टीच्या आरंभापासूनचा थाट नव्हे. तो वाढत्या कोरडेपणाने हळूहळू घडवलेला संसार आहे.

आणि शेतकरी आले ते याच वाढत्या कोरडीत. १९५०-५१ साली डॉ. सांकळिया आणि डॉ. देव यांनी नाशिकला आणि प्रवरेकाठी जोर्वे येथे उत्खनन केले, तेव्हापासून या शेतकऱ्यांची रंगीत खापरे आपल्या परिचयाची आहेत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तर या लोकांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पुराचे पाणी वळवून घेणारा पाट आणि त्याला दगडमातीचा बांध घातलेला सापडला. मला तो बांध ताजमहालापेक्षा मोठा वाटतो. पाऊस वाढवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. आलेला पाऊस जाऊ कसा द्यायचा नाही, एवढेच त्यांनी पाहिले. आमच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखातही लेण्याबरोबर पाण्याच्या पोढी खोदल्याचा उल्लेख आहे. पोढी म्हणजे कातळातली टाकी. डोंगरात राहायला गेलेल्या भिक्षूंनासुद्धा आधी पाणी साठवावे लागले.

दुसरे तळे घराजवळचे, निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी गेल्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा घातला गेला. हेतू कालव्यांचा होता. पण नद्यांनी गाळ आणला, गाळाची बेटे झाली, उथळ डबकी झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि हिवाळ्यात परदेशातून पाखरे येऊ लागली. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० च्या आरंभी महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. शंभर वर्षांत एका बंधाऱ्याने केवढी सृष्टी उभी केली! आकाशातून जादा काही मागितले नाही. त्याने जमिनीची रीत पालटली. अर्थात ज्या गाळाने पाखरे आणली त्याच गाळाने साठवणही खाल्ली. कालव्याच्या माणसाला विचाराल तर तो पाखरांचे कौतुक जरा आवरते घेईल.

तिथल्या काठावर उभा असताना मला गंभीर गोष्ट कोणती ते उमगले. तळ्याचा तळ उघडा असतो. त्यातून पाणी खाली मुरते, बाजूला पाझरते. म्हणून काठ हिरवा राहतो, म्हणून खालच्या विहिरी जगतात. सांभर काय, लोणार काय, नांदूर काय, झाडांवर तळ्याचा जो प्रभाव पडतो तो बहुतांशी जमिनीच्या वाटेने. दत्ताच्या तळ्याला खाली प्लॅस्टिक होते. जमिनीतले थंड, झाकलेले पाणी विहिरीतून वर काढायचे, उन्हात पसरायचे, वरून वर्षाला दोन मीटर उडू द्यायचे, आणि खाली मात्र थेंबही जाऊ द्यायचा नाही. डाळिंबाला उन्हाळ्यात आधार होतो हे खरे, ते मी नाकारत नाही. त्या आधाराने कित्येक घरे सावरली आहेत. पावसाच्या पाण्याने भरले तर शेततळ्याशी माझे भांडण नाही. पण विहिरीने भरायचे तर ते पाणी येते कुठून?

ते मला ठाऊक होते. अक्काला त्याहून अधिक ठाऊक होते.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा अक्काचे लग्न होऊन वर्ष झाले होते. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर पाझर तलावाचे काम निघाले. हातावरची हळद पुरती उतरली नाही तोच ती पाटी डोक्यावर घेऊन मुरूम वाहायला गेली. परदेशाहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, एवढ्यावर ते वर्ष निघाले. तो तलाव मोठा नाही. उन्हाळ्यात आटतोही. पण त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना तेव्हापासून पाणी राहते, आणि दत्ताची विहीर त्यांतलीच एक. ओढ्याच्या काठची करंजीची आणि जांभळाची झाडे त्यानंतरची.

मे महिन्यात मी मुद्दाम गावी गेलो. तलावातला गाळ काढण्याचे काम चालू होते. यंत्राने एका बाजूला उभा काप घेतला होता आणि ट्रॅक्टर भरभरून काळी माती शेतांवर जात होती. मी कापापाशी जाऊन उभा राहिलो. काळ्या थरांमध्ये बारीक वाळूच्या रेघा, मध्ये मध्ये पांढरे इवलाले शंख. लहानसे लुणकरणसरच! अक्का छत्री घेऊन मागे येऊन उभी राहिली.

“ही वाळूची जाड रेघ दिसते ना,” ती म्हणाली, “ती ओढ्याला मोठा पूर आला तेव्हाची असंल. मारुतीच्या पारापर्यंत पाणी आलं होतं.” मग तिने छत्रीच्या टोकाने अगदी खालचा पिवळा कठीण मुरूम दाखवला. “आणि हे आमचं. इथून उचलायचो आम्ही. तेव्हा इथं ढग पण नव्हता अन् झाड पण नव्हतं.”

मी दत्ताला माझे गणित सांगितले. पाठकोरा कागद दाखवला, त्याने तो नीट वाचला. शेतकऱ्याला गणित कळत नाही असे समजणारे शहरातच राहतात. त्याने विचारले, “मग एप्रिल-मे मध्ये झाडं कशानं जगवू, मामा?” या प्रश्नाला माझ्या पाठकोऱ्या कागदावर जागा नव्हती. अक्का म्हणाली, “झाडं थोडी कमी लाव.” तो म्हणाला, “हप्ते कमी होत नाहीत ना.” दोघेही खरे बोलत होते, आणि मी मध्ये बसून चहा पीत होतो.

अखेर त्याने असे केले, की गाळाच्या वीस ट्रॉल्या आपल्या वरच्या तुकड्यात टाकल्या, तिथे या खरिपात बाजरी घेतली आणि तळ्याचा अर्ज तूर्त कपाटात ठेवला. फाडला नाही. पाटल्या अक्काच्या हातात आहेत. गावात दुसऱ्या दोघांनी मात्र शेततळी पुरी केली. त्यांच्या विहिरी दत्ताच्या विहिरीच्या वरच्या बाजूला आहेत. पुढच्या उन्हाळ्यात काय होते ते बघायचे आहे.

येताना मी त्या कापातला एक ढेकूळ, शंखांसकट, काचेच्या बरणीत घालून नाशिकला आणला आणि दिवाणखान्याच्या कपाटात ठेवला. परवा दिवाळीची झाडलोट करताना तो आमच्या सौभाग्यवतींच्या हाती लागला. ही बरणी मुरंब्याची असून तिचे झाकण सहा महिने सापडत नव्हते, एवढेच त्या म्हणाल्या. ढेकूळ आता वर्तमानपत्रात बांधून माळ्यावर गेला आहे. बरणीत चकल्या आहेत, आणि त्याच बरणीतून त्या यंदा भाऊबीजेला अक्काकडे न्यायच्या आहेत.